बर्लिनहून आई-बाबांना घेऊन तळी, नद्या, पाणथळ जागा : उन्हाळ्यात कुठे जावं?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. आई-बाबा जूनच्या मध्याला कराडहून बर्लिनला येतायत, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आहेत. मागच्या वेळी गेट, भिंत, पॉट्सडॅमचे राजवाडे सगळं झालं आणि जाताना बाबा म्हणाले की इमारती पुष्कळ बघितल्या, पुढच्या वेळी जरा पाणी दाखव. त्यांचं आख्खं आयुष्य प्रीतिसंगमावर संध्याकाळी फिरण्यात गेलंय, पाण्याशिवाय त्यांना करमत नाही, म्हणून या वेळी ठरवलंय की उन्हाळा पाण्याच्या काठीच घालवायचा.

आता अडचणी सांगते. आमच्याकडे गाडी नाही, जे काही करायचं ते ट्रेन-बसने. बाबांचे गुडघे दुखतात, सपाटीवर तास-दीड तास आरामात चालतात पण चढउतार नको. आई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि तिला पोहता येत नाही त्यामुळे छोट्या हलणाऱ्या होडीत बसायची भीती वाटते. मुलगी सहा वर्षांची, तिला नुकताच झेपफेर्डशेनचा (लहान मुलांच्या पोहण्याच्या पहिल्या परीक्षेचा) बिल्ला मिळालाय आणि आता दिसेल त्या तळ्यात उडी मारायचीय. नकाशात बर्लिनच्या चारी बाजूंना निळे ठिपकेच ठिपके दिसतात, सुरुवात कुठून करावी तेच कळत नाहीये. जे खरंच वयस्कर माणसांना घेऊन गेलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ट्रामवाली
सुरुवात शहरातूनच करा, आल्या आल्या जेटलॅगमध्ये लांब नेऊ नका. वानझे स्टेशनला एस-बानने (शहरातल्या लोकल ट्रेनने) जायचं, समोर उतरून धक्क्यावर गेलं की एफ 10 नावाची फेरी मिळते, ती वीस मिनिटांत पलीकडे क्लाडोव्हला नेते. ही शहराच्या वाहतुकीचाच भाग आहे, म्हणजे तुमचं रोजचं बसचं तिकीट किंवा पास चालतो, वेगळे पैसे नाहीत. मोठी बोट आहे, आत बसायला बाकं आहेत, अजिबात हलत नाही, तुमच्या आईची भीती तिथेच थोडी कमी होईल. क्लाडोव्हला उतरलं की काठानेच सपाट रस्ता, झाडांची सावली, आइस्क्रीम, बसायला बाकडी. तासाला एक फेरी असते, वेळ बघून निघा, रविवारी दुपारी ऊन असेल तर रांग लागते आणि बोट भरली की पुढची, तेव्हा शक्यतो मधल्या वारी जा.

जूनमध्ये इथे साडेनऊला सूर्य मावळतो हे त्यांना माहिती असेलच, पण त्याचा खरा उपयोग करा. संध्याकाळी सहानंतर निघालं तरी तीन तास उजेड मिळतो, गर्दी ओसरलेली असते, ऊनही लागत नाही. माझ्या सासूबाई याच फेरीवर रमल्या होत्या, दर आठवड्याला एकदा तरी जायच्याच.

पूर्वेला म्युगलझे आहे, बर्लिनमधलं सगळ्यात मोठं तळं. फ्रीडरिशहागेनला उतरून गावातून चालत पाण्यापर्यंत जायचं, तिथे श्प्रे नदीच्या खालून पायी जायचा जुना बोगदा आहे, 1927 सालचा, पोरांना फार आवडतो. पण त्याला दोन्हीकडे जिने आहेत, बाबांना वर काठावरच बसवा.

चारच्या_गाडीने
मी श्प्रेवाल्डबद्दलच लिहिणार कारण तुमच्या घरच्या चौघांचं वर्णन वाचून मला दुसरं काही सुचतच नाहीये, ही जागा त्यांच्यासाठीच आहे.

बर्लिनच्या आग्नेयेला साधारण शंभर किलोमीटरवर श्प्रे नदी एकदम सपाट प्रदेशात येते आणि तिला शेकडो फाटे फुटतात. हिमयुग संपताना मागे राहिलेल्या वाळू-गाळावर ती अशी पसरली, पुढे माणसांनी शेतीसाठी आणखी पाट खोदले, आणि आता तिथे पाण्याचं असं जाळं आहे की लहानमोठे सगळे प्रवाह धरले तर लांबी दीड हजार किलोमीटरच्या वर जाते. 1991 पासून युनेस्कोचं संरक्षित जैवमंडळ आहे. घरं, शेतं, गवताची कुरणं, ओलसर जंगल, सगळं पाण्याच्या मधेमधे.

गाडी नसली तरी काही अडत नाही. बर्लिनहून थेट रिजनल ट्रेन तासाभरात ल्युबेनाउला सोडते. तिथून मोठा धक्का पंधरा-वीस मिनिटं चालत, रस्ता पूर्ण सपाट. धक्क्यावर ज्या होड्या असतात ना, त्याच कारण आहे मी तुम्हाला तिथे जा म्हणण्याचं. लांबलचक, चपट्या बुडाच्या, आत दोन्ही बाजूंना पाठ टेकायची बाकं आणि मध्ये छोटं टेबल, इंजिन नाही. नावाडी मागे उभा राहून लांब काठी तळाला टेकवतो आणि होडी पुढे रेटतो. पाणी उथळ आणि जवळजवळ स्थिर, त्यामुळे होडी डुलत नाही, एवढंच नाही तर आवाजही नाही, फक्त काठी पाण्यातून वर निघताना जे थेंब गळतात त्यांचा. चढताना एक पायरी खाली उतरावी लागते, नावाडी हात देतो, बाबांना जमेल. टॉयलेट मात्र होडीत नसतं, धक्क्यावर आधी जाऊन या.

दोन ते तीन तासांची फेरी घ्या, लेडे गावापर्यंत जाऊन परत. दिवसभराच्याही असतात, आठ-नऊ तासांच्या, पण त्या नको, बसून बसून गुडघे आखडतात. लेडेमध्ये उतरायला वेळ देतात. या गावात 1929 पर्यंत रस्ताच नव्हता, लग्नाची वरात असो की गाय-म्हैस असो की प्रेताची पेटी, सगळं होडीतूनच. आजही उन्हाळ्यात पोस्ट होडीनेच येतं, पिवळ्या रंगाची होडी, 1897 पासून चालू आहे. तिथलं खुलं संग्रहालय जरूर बघा, लाकडी ओंडक्यांच्या भिंती, वर बोरूचं छप्पर, आख्खं कुटुंब एका खोलीत कसं झोपायचं ते दिसतं. छपराच्या टोकांना बघायला आईंना सांगा, दोन सापांची डोकी एकमेकांना छेद देऊन बसवलेली असतात, मुकुट घातलेली. इथल्या सोर्ब लोकांमध्ये साप म्हणजे घराचा राखणदार, त्याला मारायचं नाही, त्याच्यासाठी दूध ठेवायचं अशा गोष्टी सांगतात. बत्तीस शिराळ्याच्या जवळच्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला लागणार नाही. सोर्ब हे स्लाव्ह वंशाचे लोक, त्यांची भाषा अजून आहे, म्हणून स्टेशनवर आणि रस्त्यांवर गावांची नावं दोन भाषांत लिहिलेली दिसतील.

जेवणाचं टेन्शन घेऊ नका. इथला सगळ्यात जुना साधा पदार्थ म्हणजे उकडलेले बटाटे, त्यावर क्वार्क आणि वरून जवसाचं तेल. घट्ट चक्क्यासारखा क्वार्क, थोडा कांदा, आणि ते कच्चं सोनेरी तेल जरा कडवट-खमंग लागतं. जवसाची चटणी खाल्लेल्या माणसाला पहिल्या घासातच ओळख पटते. अंडं नाही, मांस नाही. ऑर्डर देताना फक्त सांगा की वर बेकनचे तुकडे नकोत, काही ठिकाणी आपोआप टाकतात. आणि काकड्या! श्प्रेवाल्डच्या खारवलेल्या काकड्यांना 1999 पासून युरोपात भौगोलिक मानांकन आहे, धक्क्यावर पिंपातून सुट्या विकतात, बडीशेपेसारख्या वासाच्या शेपूतल्या, मोहरीतल्या, लसणातल्या, तिखट मिरचीतल्या. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात आणि नशीब असेल तर ट्रेनच्या खिडकीतून काकडीची तोडणी दिसेल, ट्रॅक्टरला विमानासारखे दोन लांब पंख असतात आणि माणसं त्यावर पोटावर आडवी पडून हाताने काकड्या तोडत असतात, ट्रॅक्टर मुंगीच्या पावलांनी चालतो. मला हे बघून दर वेळी त्या माणसांच्या मानेची काळजी वाटते, उन्हात तासन् तास पालथं पडून काम आहे ते.

डास आहेत. जून-जुलैत संध्याकाळी तर भरपूर. अंगभर कपडे आणि मलम, दोन्ही न्या. आणि सुटी नाणी ठेवा, काही ठिकाणी प्रवाहात हाताने चालवायची जुनी लॉकगेटं आहेत, सुट्टीत गावातली पोरं तिथे उभी असतात, दार उघडून देतात, त्यांना काहीतरी द्यायची पद्धत आहे. पैसे कार्डावर घेतील असं धरून चालू नका, रोख ठेवाच.

तिकीट : पाचजणांपर्यंत एकत्र प्रवासासाठी ब्रांडेनबुर्ग-बर्लिनचं दिवसाचं ग्रुप तिकीट येतं, ते घ्या. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर चालतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच.

पाणकोंबडी
वरच्या प्रतिसादातल्या प्रत्येक शब्दाशी सहमत. मी उत्तरेकडचं सांगतो, कारण मी दुर्बीण घेऊन तिकडेच असतो.

म्युरित्झ. पूर्णपणे जर्मनीच्या हद्दीत असलेलं सगळ्यात मोठं तळं, जवळजवळ 117 चौरस किलोमीटर (बोडनझे मोठं आहे पण ते तीन देशांत वाटलेलं). काठावर वारेन नावाचं टुमदार गाव, बर्लिनहून रोस्टॉककडे जाणारी थेट रिजनल ट्रेन तिथे थांबते, पावणेदोन तास धरा. ग्रुप तिकीट मात्र इथे चालत नाही, मेक्लेनबुर्ग दुसरं राज्य आहे. आई-बाबा अडीच महिने असतील तर त्यांच्यासाठीही डॉइचलांडटिकेट (देशभरातल्या लोकल आणि रिजनल गाड्यांचा महिन्याचा पास) काढून टाका, 2026 पासून 63 युरो झालंय तरी परवडतं, फक्त शेवटच्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे जातात.

वारेनच्या धक्क्यावरून मोठ्या प्रवासी बोटी सुटतात, दीड-दोन तासांची चक्कर, वर डेकवर बसायचं. पाऊस आला तर म्युरित्सेउममध्ये शिरा, तिथे इथल्याच तळ्या-नद्यांतल्या माशांची मोठमोठी टाकी आहेत, लहान मुलं हलत नाहीत तिथून.

पण वारेनला जाऊन फक्त बोट करून परत येऊ नका, तळ्याच्या पूर्वेकडे म्युरित्झ राष्ट्रीय उद्यान आहे, 1990 साली झालं, 322 चौरस किलोमीटर, जंगल, दलदल आणि शंभरावर तळी. फेडेरोव्ह गावात उद्यानाचं माहिती केंद्र आहे तिथे ऑस्प्रेच्या घरट्यावर कॅमेरा लावलाय आणि आत बसून पडद्यावर पिल्लांना मासा भरवताना थेट बघता येतं. जुलै संपेपर्यंत जा, नंतर पिल्लं उडून जातात. हा तोच पक्षी, आपल्याकडे हिवाळ्यात उजनीवर किंवा जायकवाडीवर मासा पायात धरून उडताना दिसतो तो. इथे यांनी एक नवलच केलंय, झाडांपेक्षा विजेच्या मोठ्या मनोऱ्यांवर जास्त घरटी करतात, त्यामुळे बसमधूनही वर बघत राहा, मनोऱ्याच्या टोकावर काटक्यांचा ढिगारा दिसला की समजायचं. ऑगस्टच्या शेवटाला क्रौंच पक्षी जमायला लागतात, दिवसभर शेतात चरतात आणि अंधार पडायच्या आधी थव्याथव्याने उथळ पाण्यात झोपायला येतात, तो आवाज दोन-तीन किलोमीटरवरून ऐकू येतो. खरी गर्दी सप्टेंबर-ऑक्टोबरची, तुमचे आई-बाबा तेव्हा नसतील ही हळहळ वाटते.

कयाकबद्दल कोणी विचारायच्या आधी सांगतो : म्युरित्झच्या मधोमध कयाक घालू नका. मोठं उघडं पाणी आहे, पश्चिमेचा वारा सुटला की अर्ध्या तासात लाटा उठतात. वल्हवायचंच असेल तर दक्षिणेकडची छोटी तळी घ्या, मिरो, वेझेनबेर्ग, फ्युर्स्टेनबेर्गच्या बाजूची, एकमेकांना कालव्यांनी जोडलेली आहेत. हाफेल नदी तर उगमाजवळ इतकी अरुंद आहे की दोन्ही बाजूंचे बोरू वल्ह्याला लागतात, आणि ग्रान्झिनला एका तळ्यातून दुसऱ्यात जायला कयाक चक्क रुळांवरच्या छोट्या ट्रॉलीवर चढवून ढकलत न्यायची. उद्यानात ठरलेल्या मार्गानेच जायचं, बोरूत शिरायचं नाही, तिथे घरटी असतात. लोक फोटोसाठी शिरतात आणि पक्षी अंडी सोडून उठतात, मला याचा फार संताप येतो.

कोयनाकाठ
किती छान लिहिलंय सगळ्यांनी, बाबांना फोनवर वाचून दाखवलं, सापांच्या डोक्यांचं ऐकून आई लगेच तयार झाली आणि होडीत बसते म्हणाली. अजून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ऑफिसमधले म्हणतात की श्प्रेचं पाणी तपकिरी झालंय, खाणींमुळे, ते खरं आहे का, मुलीला हात घालू द्यावा का? आणि जरा संकोचाने विचारते, तळ्यांवर कपडे न घालता पोहणारे लोक असतात ना, आई-बाबांसोबत असताना ते कसं टाळायचं?

लाउझित्झकर
कॉटबुसला शिकतोय म्हणून पाण्याच्या रंगाचं मी सांगतो, आमच्याकडे हा रोजचा विषय आहे.

हो, खरं आहे. लाउझित्झमध्ये, म्हणजे कॉटबुसच्या आसपासच्या या भागात, शंभर वर्षांहून जास्त काळ लिग्नाइट कोळसा उघड्या खाणींतून काढतात. खाण कोरडी ठेवायला भूजल उपसावं लागतं, पाणी खाली गेलं की जमिनीतल्या लोखंड-गंधकाच्या खनिजाला हवा लागते, मग खाण बंद झाल्यावर पाणी परत वर चढतं आणि ते विरघळलेलं लोखंड घेऊन नाल्यांत येतं, तिथे त्याचा गंज होऊन तपकिरी गाळ बसतो. माणसाला त्याने सरळ अपाय होत नाही, हात घातला तर काही बिघडत नाही, पण तळाचे किडे, शिंपले, माशांची अंडी त्या गाळाखाली दबून मरतात. श्प्रेम्बेर्गच्या धरणाच्या तोंडाशी चुना वगैरे घालून बरंचसं लोखंड आधीच खाली बसवतात, म्हणून ल्युबेनाउच्या होडीच्या मार्गावर सहसा पाणी बरं दिसतं, दक्षिणेच्या काही ओढ्यांत मात्र चहासारखा रंग आहे.

याहून मोठी काळजी वेगळीच आहे. ते उपसलेलं भूजल इतकी वर्षं श्प्रेमध्येच सोडतायत, 2023 मध्ये जर्मनीच्या पर्यावरण खात्याच्या अभ्यासात आलं की कोरड्या उन्हाळ्यात कॉटबुसपाशी नदीतलं तीन चतुर्थांशपर्यंत पाणी हे खाणींचंच असतं. उशिरात उशिरा 2038 पर्यंत कोळसा बंद होणार, आणि तो व्हायलाच हवा, पण मग श्प्रेवाल्डच्या त्या सगळ्या पाटांना पाणी कुठून आणायचं यावर इथे जोरात चर्चा चालू आहे. बर्लिनच्या पिण्याच्या पाण्याचाही त्याच्याशी संबंध आहे. आई-बाबांना घेऊन जाताय तर नावाड्याला हे जरूर विचारा, ते लोक मनापासून बोलतात यावर.

जमलं तर झेन्फ्टेनबेर्गलाही या. ते आख्खं तळं म्हणजे जुनी खाण आहे, पाणी भरून 1973 पासून पोहायला खुलं केलं, आता वाळूचा किनारा, बोटी, काठाने सपाट डांबरी सायकल रस्ता. अशी खाणींची तळी आजूबाजूला वीसेक आहेत, काही अजून भरतायत. कॉटबुसचं ओस्टझे 2019 मध्ये भरायला लागले, 19 चौरस किलोमीटर. एकच गोष्ट मुलीला पक्की बजावा, जिथे जीवाला धोका असल्याची पाटी किंवा अडसर असेल तिथे पलीकडे एक पाऊलही नाही. खाणीतली भरावाची सुटी वाळू पाण्याने भिजली की आख्खा काठ एकदम खाली सरकतो, कोरडा आणि घट्ट दिसणारा काठसुद्धा.

ट्रामवाली
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते, संकोच कसला त्यात. पूर्व जर्मनीत ही जुनी रीत आहे, पूर्ण कुटुंबं असतात, आजी-आजोबा, नातवंडं, कोणी कोणाकडे बघत नाही. किनाऱ्यावर एफकेके (म्हणजे कपड्यांशिवाय पोहण्याची जागा) अशी पाटी असते, ती दिसली की दुसऱ्या बाजूला जा. तिकीट काढून जायच्या किनाऱ्यांवर भाग वेगळे केलेले असतात, वानझेच्या मोठ्या किनाऱ्यावरही तो भाग एका टोकाला आहे. पण जंगलातल्या छोट्या तळ्यांवर पाटी नसतानाही दिसतील, त्यामुळे आई-बाबांना घरूनच सांगून ठेवा की इथे असं चालतं आणि त्यात वाईट काही मानत नाहीत. माझ्या सासऱ्यांना आधी सांगितलं होतं, ते शांतपणे पाठ करून बसले आणि पुस्तक वाचलं.

काठावरची_आई
सगळ्यांनी जागा सांगितल्या, मी फक्त मुलीबद्दल लिहिते, कारण ते वाक्य वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. मी लहान मुलांच्या पोहण्याच्या वर्गाला मदत करते.

झेपफेर्डशेन मिळालं म्हणजे मूल पोहतं असं नाही. त्यात काठावरून उडी, 25 मीटर पोहणं आणि खांद्याइतक्या पाण्यातून वस्तू काढणं एवढंच असतं, तेही तळ दिसणाऱ्या गरम स्विमिंग पूलमध्ये. इथल्या जीवरक्षक संघटना ब्राँझचा बिल्ला मिळाल्यावरच सुरक्षित पोहणारा म्हणतात, त्याला पंधरा मिनिटं न थांबता पोहावं लागतं. तोवर तळ्यात ती तुमच्या हाताच्या अंतरावर हवी, फोन पिशवीत. 2024 मध्ये जर्मनीत किमान 411 माणसं बुडून गेली आणि त्यातली बहुतेक समुद्रात नाही, तळ्या-नद्यांतच. मूल बुडताना ओरडत नाही, हात हलवत नाही, आवाज न करता खाली जातं.

जूनमध्ये वरचं पाणी वीस अंश लागतं आणि दोन-तीन मीटर खाली एकदम थंडगार, श्टेश्लिनसारख्या खोल तळ्यात तर जास्तच, ते जवळजवळ सत्तर मीटर खोल आहे (जागा मात्र अप्रतिम, इंजिनाच्या खासगी बोटींना बंदी, पाणी स्वच्छ, फ्युर्स्टेनबेर्गहून बस आहे, नक्की जा). किनाऱ्यावर लाल-पिवळा झेंडा असेल तर जीवरक्षक ड्यूटीवर आहेत, नुसता लाल असेल तर पाण्यात जायचंच नाही. जंगलातल्या बहुतेक घाटांवर कोणीच नसतं.

ऑगस्टमध्ये निळे-हिरवे शेवाळ येतं, पाण्यावर हिरव्या रंगाचे पट्टे किंवा साय दिसते. गुडघाभर पाण्यात उभं राहा, स्वतःची पावलं दिसत नसतील तर मुलीला उतरवू नका, लहान मुलं पाणी गिळतात. उथळ कोमट पाण्यात, जिथे बदकं आणि गोगलगायी जास्त, तिथून आल्यावर कधी अंगाला खाजरे पुरळ येतात, धोकादायक नसतात, बाहेर आल्या आल्या टॉवेलने खसाखसा पुसून ओले कपडे बदलले की बरंच टळतं. गवतातून फिरून आल्यावर सगळ्यांच्या गुडघ्यामागे, काखेत, मुलीच्या कानामागे गोचीड बघा, आई-बाबांच्यासुद्धा, त्यांना ती सवय नसते. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल-बिल लावायचं नाही, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल गोल वाढताना दिसला तर लगेच डॉक्टर.

ढगांचा गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर, पाऊस यायची वाट बघायची नाही. मदत लागली तर 112.

आणि आईंसाठी लाइफ जॅकेट मागून घ्या, प्रवासी बोटीवर नाही लागत, पण कुठेही छोटी होडी भाड्याने घेतलीत तर भाडं भरायच्या आधीच मागा. मोठ्यांच्या मापाचं आहे म्हणून हो म्हणतात आणि ते सैल निघतं. खांद्याला धरून वर ओढून बघायचं, हनुवटीच्या वर सरकलं तर लहान माप द्या म्हणायचं.